बिनखोक्याचं घर

नांदेडला मी ज्या बाईच्या घरी भाड्यानं राहत होते, तिला पहिल्यांदा दुकानाच्या पायरीवर खोकं फाडताना पाहिलं तेव्हा मला वाटलं, हिचं दुकानदाराशी वाजलंय. तसं काही नव्हतं. बाई टेबलफॅन घेऊन बाहेर आली होती, चांगला दहा वेळा चालवून बघून, पसंतीनं घेतलेला. पायरीवर फतकल मारून बसली, फॅन बाहेर काढून बाजूला ठेवला आणि दोन्ही हातांनी खोक्याचे तुकडे तुकडे केले. आतला थर्माकोल गुडघ्यावर ठेवून मोडला. पुठ्ठा समोरच्या कोथिंबीरवालीला बसायला देऊन टाकला. थर्माकोलचा पांढरा चुरा दुकानाच्या दारात उडत होता आणि दुकानदार आतून नुसता बघत होता. मग तिनं फॅन जुन्या लुगड्यात गुंडाळला, काखेत मारला आणि मला म्हणाली, "चल पोरी. आता झाला आपला."

मी म्हणाले, "काकू, खोकं कामून फाडलं? बिघडला तर परत कसा देणार?"

"परत द्यायला घेतला व्हय?"

 मी रिक्षा बघायला लागले.

गल्लीत तिला सगळेच काकू म्हणायचे, म्हणून मीही काकूच म्हणायची. साठीची, तुराटीसारखी वाळकी, चालायला मात्र एवढी चपळ की बाजारात मी तिच्या मागं पळायची. माहेर-सासर दोन्ही अहमदपूरकडचं. मीही तिकडचीच. खोली बघायला गेले तेव्हा माझी नोकरी, पगार, जात, काही विचारलं नाही. गाव कोणतं एवढंच विचारलं आणि म्हणाली, "अहमदपूरची म्हणल्यावर चोरी करणार न्हाईस. अन् केलीस तरी आपल्याच माणसानं केली म्हणायची." मी तेव्हा मुदखेडच्या एका बँकेत होते, रोज रेल्वेनं जाऊन-येऊन. घरात ती आणि तिची सासू, अंगणासमोरच्या खोलीत मी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. तो दिवाळीला यायचा, आईला पुण्याला चल म्हणायचा आणि ती सासूकडं बोट दाखवून म्हणायची, "हिला उचलून ने, मग मी येते."

त्या घरात एकही खोकं नव्हतं. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? आपल्या कुणाच्याही घरी जाऊन माळ्यावर बघा. कुकरचं खोकं, टीव्हीचं खोकं, पंधरा वर्षांपूर्वीच्या मोबाइलचं खोकं, त्यात दुसऱ्याच मोबाइलचा चार्जर. हिचा माळा मोकळा, झाडून-पुसून लख्ख. आणि घरातल्या प्रत्येक वस्तूवर नाव. आपल्याकडं भांड्यांवर नाव टाकून घेतात, ते सगळेच घेतात. पण हिनं तो नाव टाकणारा माणूस घरी बोलावून इस्त्रीवर टाकून घेतलं होतं. टीव्हीच्या पाठीवर होतं. फ्रिजच्या दारावर तर डोळ्यांसमोर येईल असं, स्वतःचं, नवऱ्याचं आणि आडनाव, तिन्ही. फ्रिज उघडायला गेलं की आपण एखाद्याच्या दारात उभे आहोत असं वाटायचं.

मी एकदा पाणी तापवायची किटली घेतली आणि तिचं खोकं पलंगाखाली सारून ठेवलं. भाड्यानं राहणाऱ्या माणसाला खोकी लागतात, उद्या बदली झाली तर सामान कशात भरणार? काकू झाडायच्या निमित्तानं आली, वाकली, आणि वाकलेलीच राहिली. "हे काय गं?"

"किटलीचं खोकं आहे, काकू."

"किटली वापरायलीस ना?"

"हो, रोज."

"मग खोकं कामून ठेवलंस? खोकं हाय तवर वस्तू आपली नसती पोरी. पुढच्याची असती." तिला खरंच बरं वाटेना. जाताना दोनदा मागं वळून पलंगाखाली बघितलं. पुढं ती रोज सकाळी अंगणातून विचारायची, "फाडलं का?" शेवटी मीच कंटाळून फाडलं. त्या दिवशी मला धपाट्याबरोबर दह्याचा वाडगा आला.

हे खूळ कुठून आलं ते कळायला मला वर्ष लागलं, कारण ती कधी सरळ सांगायचीच नाही. भाजी निवडता निवडता एक तुकडा, कपडे वाळत घालताना दुसरा. सगळे जोडून गोष्ट अशी होती. तिच्या लग्नात तिच्या बापानं तिला मिक्सर दिला. चाळीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या गावात मिक्सर कुणी पाहिलेला नव्हता. रुखवतात मधोमध बंद खोक्यातच मांडला होता आणि बायका चिवड्या-शेवयांकडं न बघता त्याच्याकडं बघत होत्या, असं ती सांगायची तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. सासरी आल्यावर सासूनं तो खोक्यासकट माळ्यावर ठेवला. "लाइट धड न्हाई गावात, जळून जाईल. ऱ्हाऊ दे." ही पाट्यावर वाटत राहिली. वाटता वाटता वर बघायची, खोकं दिसायचं, बरं वाटायचं. आणि एक दिवस रानातून आली, वर बघितलं, तर खोकं गायब.

"विचारलं नाहीस?"

"कुणाला इचारू? नवी नवरी मी. सासूला तोंड वर करून इचारायचं, माझी वस्तू कुठाय म्हणून?"

पण तिला विचारायची गरजही वाटली नाही. महिन्याभरानं नणंदेचं लग्न होतं. आपल्याकडं खोक्यातल्या वस्तूचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. ह्या लग्नात आलेला डिनरसेट त्या लग्नात जातो, तिथून तिसऱ्या लग्नात, आणि कधी कधी फिरून ज्यानं दिला त्याच्याच दारात येतो. फक्त खोकं शाबूत पाहिजे. उघडलेली वस्तू कुणी आहेरात देत नाही. तेव्हा काकूनं मनाशी धरलं की सासूनं माझा मिक्सर स्वतःच्या लेकीच्या रुखवतात मांडला. आणि त्या दिवसापासून हिच्या हातात आलेलं एकही खोकं उंबरा ओलांडून आत गेलं नाही.

ही नणंद मुदखेडला दिलेली. हे कळल्यावर, नोकरीचं न विचारताच काकूनं मला खोली का दिली याबद्दल मला संशय यायला लागला; मी रोज मुदखेडला जाते हे तिला आधीच ठाऊक असणार. "तुला जायचंच हाय तिकडं. जरा जाऊन ये वन्संकडं. माळ्यावर नजर टाक." मी म्हणाले, मी बँकेत कामाला आहे, पोलिसात नाही. मग एका रविवारी तीच मला ओढून घेऊन गेली. नणंद बिचारी भोळी बाई. तिनं चुरमुऱ्यांचा सुशीला केला, वर शेंगदाण्याची चटणी, आग्रह करकरून वाढलं. काकूनं दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "वन्सं, आत्याबाईंचं जुनं पितळी घंगाळ तुमच्याकडं हाय म्हणं? बघू वाईच." आणि नणंद घंगाळ कुठलं म्हणेपर्यंत ही शिडी लावून माळ्यावर. वर खुडबुड, खुडबुड. खाली आली ती केसांत जळमटं घेऊन, हात हलवत.

परतीच्या गाडीत मी म्हणाले, "बघितलंस? नाही तिथं मिक्सर."

"अगं, एवढ्या वर्षात काय ठेवतेत व्हय? पण मागल्या बारीला मी चढले तवा माळा कसा झाडलेला व्हता, तुला सांगते! लपवायचं असल्याबिगर कोण एवढा माळा झाडतं?" मी तिच्या स्वतःच्या लख्ख माळ्याचा विषय काढला नाही.

बापाविषयी मात्र तिच्या तोंडून नेहमी एकच ऐकलं. "माझा बाप गरीब व्हता, पण दोघी लेकींला त्यानं सारखं दिलं. जे मला, तेच धाकटीला." धाकटी धर्माबादकडं दिलेली. "धाकटीचा मिक्सर तर लई वर्षं चालला, म्हणती. तिची सासू चांगली निघाली." बाप गेला तेव्हा ही तेराव्याला तिकडंच होती. आल्यावर कितीतरी दिवस त्याचं धोतर उशाला घेऊन झोपायची, असं नवराच हसत सांगायचा म्हणे.

आता सासूबद्दल. आज्जी पंच्याऐंशीच्या पुढं, ठार बहिरी. काकू तिचं सगळं करायची आणि नीट करायची. गरम पाण्यानं अंघोळ, डोक्याला तेल, वरणात भाकरी कुस्करून मऊ करून घास. फक्त घास भरवताना हसऱ्या तोंडानं म्हणायची, "खा बाई खा. लेकीच्या घरी मिक्सर पोचवलास, आता माझ्या हातचं खा." आणि आज्जी मान हलवायची, "हाव, मीठ कमी हाय जरा." मी खोलीत तोंडात पदर कोंबून हसायची. पण काकूला त्यात मजा येत नव्हती. ती एकदा मला म्हणाली, "नवरा व्हता तवर भ्याव वाटायचं. आईला कामून बोललीस म्हणंल. तो गेला, मला हिंमत आली, तवर हिचे कान गेले. आता काय करू सांग. वरडून इचारलं तर गल्लीला ऐकू जाईल, हिला न्हाई."

खुणेनं विचारून बघितलं होतं तिनं. हवेत हात गरगर फिरवला, मिक्सरचा आवाज काढल्यासारखं तोंड केलं. आज्जी घाबरून उठून बसली. "चक्कर यायली का गं? उपास लई धरतीस. लिंबू-साखर घे."

त्या उन्हाळ्यात आज्जीनं अन्न सोडलं. पाण्याचे दोन घोट घेतले की मान फिरवायची. डॉक्टरनं तपासलं आणि वयाकडं बोट दाखवलं. काकू दोन दिवस नुसती आत-बाहेर, आत-बाहेर. मला वाटलं, सासूच्या काळजीनं. काळजी होतीच, पण ती म्हणाली ते असं, "ही अशीच गेली तर, पोरी? मला काहीच न सांगता गेली तर? मी काय मसणात जाऊन इचारू?" तिचे डोळे भरून आले होते. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की हे नुसतं खूळ नाही, हिला हे खरोखरच कळायला पाहिजे आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारात, फॅन घेतलेल्या त्याच दुकानात गेलो, कानाची मशीन घ्यायला. काड्यापेटीपेक्षा जराशी मोठी डबी, तिला वायर, वायरीच्या टोकाला कानात घालायचं बोंडूक. दुकानदार जुन्या मुसलमान घराण्यातला, आजोबांपासून त्यांचा रेडिओ दुरुस्तीचा धंदा, आता सगळंच ठेवायचा. बोलायला मऊ. त्यानं बोंडूक काकूच्याच कानात घातलं. वरचा पंखा एवढा घरघरला की ती दचकून मागं सरकली. "देखो काकू, फर्स्टक्लास चालू आहे."

बाहेर पायरीवर खोकं फाडलं. ते तर व्हायचंच होतं. मी म्हणाले, हे तरी ठेव गं. तिनं ऐकलं नाही. वर ब्लाउजची पिन काढून डबीच्या पाठीवर स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं. नाव टाकणाऱ्याच्या मशीनला एवढीशी वस्तू धरवत नाही म्हणून.

घरी आल्यावर तिनं दारं-खिडक्या लावल्या आणि मला ओट्यावर घालवलं. मी बाहेर बसून ऐकत होते, का खोटं बोलू? आतून आधी कुईं असा आवाज आला. मग आज्जीचा, "कानात चिमणी घातली का काय गं?" मग काहीच नाही. जरा वेळानं काकू बाहेर आली, डबी मुठीत. "मेली," म्हणाली. मी हादरलेच. ती डबीबद्दल बोलत होती.

लगोलग परत दुकान. दुकानदारानं सेल बदलून बघितला, वायर बदलून बघितली, मान डोलावली. "पीस खराब आहे. बदलून मिळेल. बॉक्स द्या."

"खोकं न्हाई."

"काकू, बॉक्सबिगर कंपनी माल वापस घेत नाही."

"बिघडलं काय? खोकं का मशीन?"

"मशीन."

"मग मशीन घ्या. खोकं चांगलं व्हतं, त्याची माझी काय बी तक्रार न्हाई."

दुकानातली गिऱ्हाइकं हसायला लागली. त्यानं डबी उलटी केली. "अन् हे काय आहे?"

"माझं नाव."

"नाव घातलेला माल मी कंपनीला कसा पाठवू? ते विचारतील, ही बाई कोण?"

"सांगा, नांदेडची हाय म्हणून."

तो माणूस वाईट नव्हता. त्यानं हात जोडले. "काकू, तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर बॉक्स फाडता, अन् मीच काही बोलत नाही, माझीच गलती. पण कंपनी माझं ऐकत नाही. त्यांना बॉक्स लागतो, बॉक्सवरचा नंबर लागतो." काकू काउंटरला धरून उभी होती. मग तिनं डबी पिशवीत टाकली आणि म्हणाली, "उद्या येते." मी म्हणाले, उद्या येऊन काय होणार? ती पायरी उतरून चालायलाही लागली.

दुसऱ्या दिवशी रविवार. उठून बघते तर दारात रिक्षा आणि रिक्षात आज्जी! अंगावर शाल, कपाळाला ताजं बुक्क्याचं बोट, उशीला टेकवून बसवलेली. काकू म्हणाली, "चल. ते खोकं मागायलेत ना? मी खोकं न्हाई, माणूसच नेते. बघू काय म्हणतेत." मी तिला वेड लागलंय, असं तोंडावर म्हणाले. मग रिक्षात बसले.

दुकानदारानं आज्जीला बघितलं आणि काउंटरच्या मागून बाहेर आला. स्वतःची खुर्ची दिली, पंखा तिच्याकडं वळवला, पाणी मागवलं. काकू म्हणाली, "हिच्यासाठी घेतली व्हती. हिच्या कानात काय वाजत न्हाई. आता तुम्हीच बघा." त्यानं एक उसासा टाकला. काउंटरच्या काचेतून एक डबी काढली, गिऱ्हाइकाला दाखवायला ठेवलेली, वापरून वापरून कडा घासलेली. बोंडूक पुसलं, आज्जीच्या कानात हळूच बसवलं आणि डबीवरचं चाक अगदी थोडं थोडं फिरवत म्हणाला, "अम्मा! ऐकू येतं का?"

आज्जी त्याच्याकडं बघत राहिली. "वरडू नको बाबा," म्हणाली.

सगळं दुकान हसलं. मीसुद्धा. काकू हसली नाही. ती म्हणाली, "ही द्या."

"नाही काकू. हा दाखवायचा पीस आहे, विकायचा नाही. तुमच्यासाठी मी कंपनीशी बोलतो, थोडा टाइम द्या." आणि त्यानं बोंडूक काढायला हात पुढं केला.

"थांबा!" काकूनं त्याचा हात धरला. "थांबा वाईच. एकच इचारते."

तिला घरात, दारं लावून, कुणी नसताना विचारायचं होतं. चाळीस वर्षं तिनं ते तसंच मनात मांडून ठेवलं असणार. पण घरी नेलेली मशीन एकदा दगा देऊन बसली होती, ही तर तिची नव्हतीच, आणि आज्जी उद्या असेल की नाही ते देवाला माहीत. ती आज्जीच्या खुर्चीजवळ खाली बसली. आवाज एवढा खाली आणला की मला वाकावं लागलं.

"आत्याबाई, माझ्या लग्नातला मिक्सर कुठं गेला?"

मला वाटलं, म्हातारीला काय आठवणार? तिला आजचा वार आठवत नव्हता. आज्जीनं सुनेकडं बघितलं, आणि आठवायला जराही वेळ घेतला नाही.

"तुझा बाप घेऊन गेला."

काकू म्हणाली, "खोटं."

"खोटं बोलून आता मला काय करायचं हाय? धाकटीचं जमलं व्हतं. तिकडचे अडून बसले, थोरलीला दिला तसा मिक्सर आम्हाला बी पायजे. तुझ्या बापाकडं कुठला? आला माझ्या दारात. फेटा काढून हातात घेतला त्यानं. म्हणला, इहीणबाई, खोकं उघडलं नसंल तर द्या. पुढल्या साली दुसरा आणून देतो. म्या दिला."

"पुढल्या साली?"

"पुढल्या साली दुष्काळ पडला."

 दुकानदार त्याच्या रिमोटच्या पेटीकडं बघत उभा होता. काकूनं आज्जीच्या शालीचं टोक मुठीत धरलं होतं.  मला वाटलं, इथून निघून जावं, आपण हे ऐकायला नको होतं.

"मग मला सांगायचं व्हतं की," काकू शेवटी म्हणाली. "एवढी वर्षं! मी तुमच्यावर... मी वन्संवर..."

"म्हाईत हाय मला. कान गेले, डोळे कुठं गेले?" आज्जीनं शाल सारखी केली. "काय सांगायचं व्हतं तुला? तुझ्या बापानं दिलेलं परत मागून नेलं म्हणून? सासूवरचा राग धरून बाई नांदती गं. सगळ्याच नांदतेत. बापावर धरला असता तर तू दिवाळीला कुणाच्या घरी गेली असतीस?"

काकू तशीच खाली बसून राहिली.  दुकानदारानं तिच्या पिशवीतली ती बिघडलेली डबी स्वतःच्या हातानं काढून घेतली आणि म्हणाला, "काकू, अम्माच्या कानात आहे ते राहू द्या. तुमच्या पीसला बॉक्स नाही, माझ्या पीसला पण बॉक्स नाही. आपसात बदलून टाकू. कंपनीला मधे आणायचंच नाही." काकूनं मान हलवली, पण तिला ते कितपत समजलं कोण जाणे. आम्ही दोघींनी आज्जीला धरून रिक्षात बसवलं.

रस्त्यानं आज्जी एकेका आवाजाला मान वळवत होती. हॉर्न वाजला की डोळे मिटायची. "किती गोंगाट करायलेत लोक," म्हणाली. काकू मधे बसली होती, मी कडेला. ती समोर रिक्षावाल्याच्या पाठीकडं बघत होती. मग एकदम, बघत तशीच, तिनं विचारलं, "माझ्या दारात येऊन मला न भेटताच गेला?"

आज्जीला ऐकू आलं. 

"म्या म्हणलं त्याला, भेटून जावा. सडकंच्या वावरात खुरपायलीय. गेला तिकडं. मी माळवदावर व्हते, वाळवण राखायला. सगळं दिसत व्हतं. बांधावर लिंबाखाली जाऊन उभा ऱ्हायला, खोकं डोक्यावर. तुझी पाठ व्हती. हाक मारली असती तर तू वळून बघितलं असतंस, अन् खोकं दिसलं असतं. लई वेळ उभा व्हता. मग नाल्यात उतरून आडवाटेनं गेला."

रिक्षा रेल्वेच्या फाटकापाशी थांबली, गाडी जायची होती. काकूनं पदरानं तोंड पुसलं. आज्जीच्या कानातलं बोंडूक निसटायला आलं होतं, ते बोटानं नीट आत सरकवलं आणि अगदी हळू म्हणाली, "अजून सांगा."